टायरचा पिवळा दिवा

मोटारीच्या टायरमधील हवा कमी झाली, किंवा ती मोजणारी यंत्रणाच बिघडली, की डॅशबोर्डावर एक पिवळी खूण उजळते. टायर उभा कापून पाहिला तर जसा दिसेल तसे तिचे चित्र असते: दोन्ही बाजूंना फुगीर भिंती, तळाशी नक्षीचे दाते आणि मधोमध उद्गारचिन्ह. मात्र टायर उभा कापून पाहण्याचा योग सामान्य गाडीमालकाच्या आयुष्यात येत नाही, त्यामुळे या खुणेचे वाचन ज्याच्या त्याच्या संस्कारांवर अवलंबून राहते. कुणाला तिच्यात पातेले दिसते, कुणाला घोड्याचा नाल. उद्गारचिन्ह पाहून इंजिन तापले असा निष्कर्ष काढणारे बॉनेट उघडतात. बॉनेटखाली इंजिन असते. ते जागेवर असल्याची खात्री झाली की बॉनेट पुन्हा लावले जाते.

या यंत्रणेला टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टिम, थोडक्यात टीपीएमएस, म्हणतात. तिच्यातील बिघाड शोधण्याचा शास्त्रशुद्ध क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो: आधी हवा, मग चाक आणि व्हॉल्व्ह, मग सेन्सर आणि सर्वांत शेवटी गाडीतले इलेक्ट्रॉनिक्स. व्यवहारात तो नेमका उलटा चालतो. दिवा लागल्याबरोबर गाडीतल्या सर्वांचे एकमत होते की सेन्सर खराब झाला आहे. या एकमताचे कारण उघड आहे. टायरवर संशय घेतला तर गाडी थांबवून खाली उतरावे लागते; सेन्सरवर घेतला तर प्रवास चालू ठेवता येतो आणि वर गाडीच्या कंपनीला नावेही ठेवता येतात.

जे उतरतात ते टायरला लाथ मारून पाहतात. ही पद्धत ट्रक आणि एसटीच्या परंपरेतून आली असून तिला आजवर कुणी लेखी आव्हान दिलेले नाही. दुर्दैवाने मोटारीच्या रेडियल टायरची बाजूची भिंत मुळातच लवचीक असते आणि पुरेशी हवा असतानाही ती जमिनीलगत थोडी फुगलेली दिसते. २५ पीएसआयचा टायर आणि ३३ पीएसआयचा टायर शेजारी उभे केले तर डोळ्याला फरक कळणे कठीण, आणि बुटाला तर नाहीच. हवा मापकाने मोजावी लागते. खिशात मावणारा हवेचा मापक बाजारात स्वस्तात मिळतो. तरीही ज्या गाडीच्या परफ्यूमवर, सीटकव्हरांवर आणि मागच्या काचेवरील कुलदैवताच्या नावावर मनमोकळा खर्च झालेला असतो, तिच्या ग्लव्ह बॉक्समध्ये हा मापक क्वचितच सापडतो.

यंत्रणेचा इतिहास फार जुना नाही. पोर्श ९५९ या गाडीत १९८६ साली ती आली, तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. सर्वसामान्यांच्या गाडीत ती शिरली ती अपघातांमुळे. अमेरिकेत फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवरील फायरस्टोन टायरांचा वरचा पट्टा सुटून जीवघेणे अपघात झाले, लाखो टायर परत मागवावे लागले आणि २००० सालच्या नोव्हेंबरात ‘ट्रेड’ नावाचा कायदा झाला. त्यातून आलेल्या नियमाने सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सर्व नव्या हलक्या वाहनांत टीपीएमएस सक्तीची झाली. शिफारस केलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्क्यांनी उतरली की दिवा लागलाच पाहिजे, असे ठरले. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ती बंधनकारक आहे. भारतात ती मोटारींना सरसकट सक्तीची नाही. मात्र २०२० साली केंद्राने नियमांत बदल करून ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर काढण्याचे साहित्य या तिन्ही गोष्टी असलेल्या मोटारीला स्टेपनीतून सूट दिली. बाकी बहुसंख्य ग्राहक सनरूफच्या ओढीने वरचे मॉडेल घेतात आणि टीपीएमएस त्यांच्या पदरात आपोआप पडते. सनरूफ कसे उघडायचे हे शोरूममध्ये दोनदा दाखवले जाते. दिव्याचे स्पष्टीकरण मॅन्युअलमध्ये असते, आणि मॅन्युअल प्लॅस्टिकच्या पिशवीत असते.

महाराष्ट्रात टायर हा विषय थोडा गांभीर्याने घेतला जाऊ लागला तो समृद्धी महामार्गामुळे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. सिमेंटचा सरळ रस्ता, विदर्भ-मराठवाड्याचे ऊन आणि तासन्‌तास एकाच वेगाने धावणारी गाडी. टायर फुटून अपघात होऊ लागले तेव्हा आरटीओने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली आणि घासून गुळगुळीत झालेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवल्या. फुटण्याचा संबंध जास्त हवेशी आहे असा सार्वत्रिक समज असल्याने अनेक जण लांबच्या प्रवासाआधी हवा मुद्दाम कमी करून निघतात. वास्तविक कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो आणि सुटतो, त्यामुळे आतून अधिक तापतो आणि तोच आधी जातो. अशा वेळी पिवळा दिवा लागला तर तो यंत्रणेचा दोष समजू नये.

निदानापूर्वी आपल्या गाडीत कोणत्या जातीची यंत्रणा आहे हे ठाऊक हवे. जाती दोन: अप्रत्यक्ष आणि प्रत्यक्ष.

अप्रत्यक्ष यंत्रणेत टायरच्या आत काहीही नसते. हवा उतरलेले चाक किंचित बसते, त्याची त्रिज्या घटते आणि तेवढेच अंतर कापायला त्याला जरा जास्त फेरे घ्यावे लागतात. एबीएस ब्रेकसाठी प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतोच. त्याच्याच आकड्यांवरून संगणक ओळखतो की चारांपैकी एकजण जास्त पळतो आहे. टाटाच्या काही गाड्यांत ‘आयटीपीएमएस’ या नावाने हीच पद्धत आहे. ती हवेचा आकडा सांगत नाही, केवळ तक्रार करते. चारही टायर सारखेच उतरले तर साध्या प्रकारच्या यंत्रणेला त्यात काहीच वावगे दिसत नाही, कारण सगळेच सारखे चुकत असतील तर तुलना कुणाशी करणार? नियमितपणे कुठल्याच टायरची हवा न पाहणाऱ्या मालकाला म्हणूनच या दिव्याचा त्रास सहसा होत नाही.

या जातीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे रीसेटचे बटण किंवा स्क्रीनवरचा तसा पर्याय. त्याचा खरा अर्थ असा: चारही टायरांत कंपनीने सांगितलेली हवा थंड टायरमध्ये मापाने भरली आहे, आता हीच स्थिती प्रमाण मानून पुढची तुलना कर. गाडीमालक त्याचा अर्थ ‘दिवा घालवण्याचे बटण’ असा घेतो. चारचौघांत दिवा लागतो, बटण दाबले जाते, दिवा जातो, आणि चालक शेजारी बसलेल्या मेव्हण्याकडे पाहून म्हणतो, “काही नाही, सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम असतो.” त्या क्षणी गाडीला शिकवले गेलेले असते की उजवा मागचा टायर २३ पीएसआयवर असणे हीच आदर्श स्थिती आहे. यंत्रणा आज्ञाधारक असल्याने ती हा धडा विसरत नाही. पुढे कुणी सज्जन माणसाने त्या टायरात बरोबर हवा भरली तर ती पुन्हा दिवा लावते, आणि मग ‘हवा भरली की दिवा लागतो’ असा नवा सिद्धांत कुटुंबात रूढ होतो.

चारपैकी एकच टायर नवा घातला, किंवा दोन टायर वेगळ्या कंपनीचे असले, तरी त्रिज्येत फरक पडून ही यंत्रणा गोंधळू शकते. उपाय तोच: हवा मोजून बरोबर करावी, मग रीसेट करावे आणि यंत्रणेला शिकायला काही किलोमीटर गाडी चालवावी. एक व्यवहारी सूचना इथेच द्यायला हवी. अप्रत्यक्ष यंत्रणा असलेल्या गाडीला कुणी “टायरमधला सेन्सर गेलाय, बदलावा लागेल” असे सांगितले, तर जो आतमध्ये नाहीच तो कसा गेला, एवढा एकच प्रश्न शांतपणे विचारावा. चाकाच्या वेगाचा सेन्सर खरोखर गेला असेल तर टायरच्या दिव्याबरोबर एबीएसचा दिवाही लागलेला दिसतो.

प्रत्यक्ष यंत्रणेत मात्र प्रत्येक चाकात, रिमच्या आतल्या बाजूला, बहुधा व्हॉल्व्हच्याच बुडाशी एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या डबीत दाब आणि तापमान मोजणारी चिप, चाक फिरते आहे की नाही हे ओळखणारा भाग, रेडिओ ट्रान्समीटर आणि नाण्याएवढी लिथियमची बॅटरी, सगळे राळ ओतून बंद केलेले. बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षे पुरावी म्हणून हा सेन्सर कमालीचा काटकसरी बनवला आहे. गाडी उभी असली की तो झोपतो. गाडी सुमारे २० ते २५ किलोमीटरच्या वेगाने धावू लागली की जागा होतो आणि मिनिटाभरातून एकदा आपला आकडा कळवतो. हवा भराभरा निघू लागली तरच ताबडतोब बोंब मारतो. युरोपात आणि भारतात हे बोलणे ४३३ मेगाहर्ट्‌झवर चालते, अमेरिकेत बहुतेक ३१५ वर. तिकडून मागवलेला सेन्सर इथल्या गाडीत बसतो, पण दोघांचे बोलणे होत नाही.

पेट्रोल पंपावर नित्य दिसणाऱ्या एका दृश्याचे स्पष्टीकरण या झोपेत आहे. हवा भरून होते. मालक आत बसून डॅशबोर्डाकडे पाहतो. आकडा जुनाच. तो पुन्हा उतरतो, हवावाल्याला म्हणतो, “भरली का नीट?” हवावाला पुन्हा नळी लावून दाखवतो. मालक पुन्हा आत. आकडा जुनाच. मागच्या रांगेतून हॉर्न सुरू होतात. सेन्सर झोपलेला असतो आणि गाडी पंपाबाहेर पडून थोडी पळाल्याशिवाय तो उठणार नसतो, ही गोष्ट तिघांपैकी कुणालाच माहीत नसते. निस्सानच्या काही गाड्यांत यावर तोड काढली आहे: हवा भरताना दाब योग्य झाला की गाडी स्वतःच हॉर्न वाजवून कळवते. आपल्याकडे पंपावर हा हॉर्न मागच्यानेच वाजवला असे समजून वळून पाहिले जाईल.

प्रत्येक सेन्सर आकड्याबरोबर आपला ओळख क्रमांकही पाठवतो, नाहीतर सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या गाडीची हवा आपल्या डॅशबोर्डावर दिसली असती. हा क्रमांक उघड्यावर बोलला जातो. अमेरिकेतील रटगर्स आणि साउथ कॅरोलायना विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले की योग्य उपकरण असेल तर तो ४० मीटरवरूनही ऐकता येतो, आणि धावत्या गाडीला खोटा संदेश पाठवून तिचा दिवाही लावता येतो. पुण्या-मुंबईच्या चालकाने यावरून लगेच परकीय हातावर जाऊ नये. आपल्याकडील दिव्यामागे अजून तरी खिळेच निघतात.

आता निदान. दिवा स्थिर आहे की लुकलुकतो, यावर सारे अवलंबून आहे. गाडी सुरू केल्यावर तो लागून तसाच राहिला, तर हवा कमी आहे. सुरुवातीला मिनिटभर, दीड मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर यंत्रणेत बिघाड आहे. सरळ गोष्ट आहे, पण ते पहिले मिनिट फार कठीण असते. त्या अवधीत डॅशबोर्डावरच्या गणपतीला नमस्कार होतो, सीटबेल्ट लागतो, फोन गाडीला जोडला जातो, मागे “पाण्याची बाटली घेतली का” हा प्रश्न येतो, आणि रिव्हर्स घेताना सोसायटीचा वॉचमन “येऊ द्या, येऊ द्या” म्हणत जिथे खांब आहे तिथे आणून सोडतो. चालक डॅशबोर्डाकडे पाहतो तोवर लुकलुकणे संपून दिवा स्थिर झालेला असतो आणि निदान चुकलेले असते. म्हणून शंका आली की गाडी बंद करून, दारे लावून, एकट्याने बसून पुन्हा सुरू करावी आणि फक्त दिव्याकडे पाहावे.

दिवा स्थिर असेल तर सेन्सर आपले काम चोख करतो आहे, असे मानून हवेकडे वळावे. किती हवा असावी हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर छापलेले असते. रोज उघडल्या जाणाऱ्या दारावर असूनही तो वाचला गेल्याची उदाहरणे विरळा. त्यात पुढची-मागची हवा आणि पूर्ण भरलेल्या गाडीची हवा वेगळी दिलेली असते. पंपावर मात्र “किती?” या प्रश्नाला “तीस मार सगळीकडे” हे उत्तर वडिलोपार्जित आहे, गाडी कोणतीही असो, आत दोघे असोत की लग्नाचे वऱ्हाड. टायरच्या भिंतीवर कोरलेला मोठा आकडा पाहून तो भरणारे अभ्यासूही भेटतात. तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो, त्या गाडीची गरज नव्हे.

काही डॅशबोर्डांवर आकडा किलोपास्कलमध्ये येतो. ३३ पीएसआय म्हणजे जवळजवळ २२८. तो पाहून घाबरून हवा सोडणारे सापडतात; सोडावी कितीपर्यंत हे मात्र त्यांना सांगता येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन एकक बदलले की हा रोग तिथेच बरा होतो.

मोजमाप थंड टायरचे घ्यायचे असते, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा एखाद-दोन किलोमीटरच चाललेली असावी. धावून तापलेला टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. शिवाय हवामानाचा हिशेब आहे: तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरले की दाब १ पीएसआयने उतरतो. आता नाशिकच्या एका काल्पनिक, पण प्रत्येक आळीत आढळणाऱ्या मालकाचे उदाहरण घ्यावे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ऑक्टोबर हीटमध्ये, भर दुपारी, गावभर फिरून झाल्यावर त्याने ३३ पीएसआय हवा भरली. दुसऱ्या दिवशी गाडी धुतली, झेंडूचे हार घातले, चाकाखाली लिंबे ठेवून ती चिरडली. शास्त्रात काहीच कमी ठेवले नाही. पण तापलेल्या टायरात भरल्यामुळे खरी हवा २९ च्या आसपासच होती. डिसेंबरात निफाडकडून गारठा आला, पहाटेचा पारा दुपारच्या त्या तापमानाहून पंचवीस अंशांनी खाली गेला आणि आणखी चार-साडेचार पीएसआय उतरले. दोन महिन्यांत टायरच्या रबरातून नैसर्गिकपणे झिरपते तेवढी हवाही गेली. एकही खिळा न लागता टायर २४ च्या खाली आला आणि पहाटे शिर्डीला निघताना दिवा लागला. नऊच्या सुमारास ऊन चढले, टायर तापले, दिवा आपोआप गेला. मालकाने दोन निष्कर्ष काढले: सेन्सर लहरी आहे, आणि बाबांची कृपा आहे. दुसऱ्याबद्दल या लेखाला काही म्हणायचे नाही. पहिल्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, हवा भरणे.

नायट्रोजन भरल्याने हे टळते अशी श्रद्धा आहे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तो कोणत्याही पंपावर फुकट मिळतो. शुद्ध नायट्रोजनही गारठ्यात तितकाच आकसतो. तो कोरडा असतो आणि थोडा सावकाश झिरपतो, एवढाच त्याचा खरा गुण. व्हॉल्व्हवर येणारी हिरवी टोपी मात्र ओळखू येते. घाटाचाही थोडा परिणाम असतो. मुंबईहून महाबळेश्वरी गेले की सुमारे १,३५० मीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे साधा मापक टायरमध्ये दोनेक पीएसआय जास्त दाखवतो. पण तिथला गारवा जवळपास तेवढेच काढून घेतो आणि पर्यटकाला काहीच कळत नाही.

हवा बरोबर भरूनही चार-आठ दिवसांनी दिवा परत येत असेल आणि दर वेळी तोच टायर उतरलेला असेल, तर ते बारीक पंक्चर आहे. सेन्सर निर्दोष. टायरवर साबणाचे पाणी सोडावे. खिळ्याच्या जागी, व्हॉल्व्हच्या तोंडाशी किंवा खड्ड्यात आदळून वाकलेल्या रिमच्या कडेला बुडबुडे येतील. व्हॉल्व्हच्या तोंडाशी आले तर आतली पिन बदलणे हा काही मिनिटांचा उद्योग आहे.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र यंत्रणेकडे वळावे लागते, आणि सर्वांत आधी अलीकडे चाकांना कुणी हात लावला होता का, हे आठवावे. स्टेपनी लावली असेल तर खुलासा झालाच: बहुतेक गाड्यांच्या स्टेपनीत सेन्सर नसतो, गाडी हरवलेल्या सेन्सरला हाका मारत राहते. मूळ चाक परत लावून थोडे चालवले की दिवा जातो. टायरांची अदलाबदल केली असेल तर वेगळाच घोळ होऊ शकतो. सेन्सर नव्या जागी गेले, पण गाडीला कुणी सांगितले नाही. ती ‘डावा पुढचा कमी’ म्हणते. खरा कमी असतो उजवा मागचा. मालक निर्दोष डाव्या पुढच्यात हवा भरतो, दिवा जात नाही, तो आणखी भरतो. चाळीसच्या पुढे गेल्यावर तो टायर टणक होतो आणि मालक हताश. अशा वेळी स्क्रीनवर विश्वास न ठेवता चारही टायर हाताने मोजावेत.

मग पंक्चरचे दुकान. ट्यूबलेस टायरला बाहेरून पट्टी मारून काढलेल्या पंक्चरचा सेन्सरला काही त्रास नाही. टायर रिमवरून खोलायचा झाला की धोका सुरू होतो. सेन्सर व्हॉल्व्हपाशी असल्याने टॉमी किंवा मशिनचा फाळ तिथेच घातला तर डबी तुटते. म्हणून आधीच सांगावे. “आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हच्या बाजूने घालू नका.” “माहीत आहे साहेब, रोजचं काम आहे,” असे उत्तर येते आणि पाठोपाठ कट्‌ असा आवाज येतो. त्यानंतर दुकानदार आणि मालक दोघेही थोडा वेळ टायरकडे पाहतात. “हा आधीच क्रॅक होता,” असे त्यांतला एकजण म्हणतो. कोण, ते सांगण्याची गरज नाही. पंक्चरवर ओतायच्या द्रव औषधानेही सेन्सरचे दाब घेण्याचे बारीक छिद्र बुजू शकते; सेन्सरला चालणारे द्रव वेगळे मिळते, ते पाहून घ्यावे.

व्हॉल्व्हवर चकचकीत धातूच्या टोप्या लावण्याची हौस वेगळीच महागात पडते. या सेन्सरांच्या व्हॉल्व्हची नळी बऱ्याचदा ॲल्युमिनियमची असते. तिच्यावर पितळी टोपी किंवा आत साधी पितळी पिन बसवली की पाणी आणि खारट हवेत दोन धातूंची रासायनिक झटापट होऊन ती गंजून घट्ट बसते. कोकणात एखादा पावसाळा पुरतो. मग पक्कड लावून पिळली जाते, आणि टोपीसोबत व्हॉल्व्ह व व्हॉल्व्हसोबत सेन्सर हातात येतो. प्लॅस्टिकची टोपी आणि निकेलचा मुलामा असलेली पिन वापरली तर यातले काही घडत नाही.

चाकांना कुणी हात लावला नसेल तर गाडीचे वय पाहावे. सात-आठ वर्षांच्या गाडीत बॅटरी संपणे हे सरळ कारण असते. गारठ्यात सकाळी दिवा लुकलुकणे आणि दुपारी ठीक असणे हे म्हाताऱ्या बॅटरीचे लक्षण आहे. अधूनमधून येणाऱ्या बिघाडात आणखी एक संशयित असतो, तो म्हणजे स्वस्तातला मोबाइल चार्जर किंवा डॅशकॅम. त्याच्या रेडिओ गोंगाटात सेन्सरचा क्षीण आवाज बुडतो. तो काढून दोन दिवस गाडी चालवावी; या तपासणीला काही खर्च नाही, म्हणूनच बहुधा ती कुणी सुचवत नाही.

पक्के निदान टीपीएमएसच्या तपासणी यंत्राने होते. ते व्हॉल्व्हजवळ धरून १२५ किलोहर्ट्‌झचा इशारा दिला की झोपलेला सेन्सर उठून आपला क्रमांक, दाब, तापमान आणि बऱ्याचदा बॅटरीची स्थितीही सांगतो. तीन बोलले आणि एक गप्प राहिला, तर चोर सापडला. चारही बोलले, पण गाडीला ऐकू येत नसेल, तर दोष गाडीतल्या रिसीव्हरचा, फ्यूजचा, वायरिंगचा किंवा नोंदणीचा. चारही गप्प असतील तर आधी तपासणी यंत्रात गाडीचे मॉडेल बरोबर निवडले आहे का ते पाहावे. गॅरेजमध्ये हे यंत्र हाताळायला सर्वांत नवा पोरगा दिलेला असतो.

दुरुस्तीत सेन्सरची बॅटरी बदलण्याचा विषय नसतो. राळ खरवडून ती बदलणारे कलाकार आहेत, पण चाकाच्या आत ताशी शंभरच्या वेगाने गरगरणाऱ्या वस्तूवर अशी शस्त्रक्रिया टिकेल याची हमी तेही देत नाहीत. सेन्सर नवा घ्यावा. कंपनीचा मूळ घ्यावा, किंवा जुन्याचा क्रमांक उतरवून घेता येतो असा सर्व गाड्यांना चालणारा घ्यावा. दुसऱ्या प्रकारात गाडीला नवी ओळख करून द्यावी लागत नाही. पहिल्या प्रकारात नोंदणी करावी लागते: काही गाड्या थोडे चालवल्यावर स्वतः शिकतात, काहींना ठरावीक क्रमाने चाकाचाकाशी यंत्र धरून शिकवावे लागते, काहींना स्टिअरिंगखालच्या सॉकेटमधून क्रमांक भरावे लागतात. टायर खोलला आहेच तर व्हॉल्व्हचे रबरी वायसर, नट आणि पिन नवीन घालून घ्यावेत, त्यांची किंमत किरकोळ असते. एक सेन्सर वयोमानाने गेला असेल तर उरलेले तीन त्याच दिवशी जन्मलेले आहेत हे लक्षात ठेवावे. टायर बदलायचे असतील तेव्हाच चारही उरकले तर मजुरी एकदाच पडते.

यापलीकडे लोकोपचार आहेत. दिव्यावर काळी पट्टी चिकटवणे हा सर्वांत लोकप्रिय. फ्यूज काढणे हा दुसरा. काही गाड्यांत तोच फ्यूज इतर यंत्रणांनाही पुरवठा करत असल्याने एकाच्या जागी तीन दिवे लागतात. कल्पकतेत पहिला नंबर मात्र अमेरिकेतल्या काही हौशी मंडळींचा. त्यांनी पीव्हीसीचा पाइप घेतला, त्यात चारही सेन्सर घातले, दोन्ही तोंडे बंद करून योग्य दाबाची हवा भरली आणि पाइप डिकीत ठेवला. गाडी समाधानी आणि डॅशबोर्ड स्वच्छ. खालच्या टायरांचे काय चालले आहे याच्याशी त्या आकड्यांचा काही संबंध उरत नाही, एवढी एकच उणीव.

बाहेरून व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसवायचे सेन्सर आणि डॅशबोर्डावर ठेवायचा सौरऊर्जेवर चालणारा स्क्रीन असा संच ऑनलाइन मिळतो आणि टीपीएमएस नसलेल्या गाडीला तो उपयोगी आहे. त्याची बॅटरी घरी बदलता येते. पण तो नीट बसला नाही तर व्हॉल्व्हमधून हवा झिरपते आणि ज्याने हवा राखायची तोच ती घालवतो. शिवाय तो बाहेर असतो, त्यामुळे रस्त्यावर लावलेल्या गाडीवर तो कायम राहील असे नाही. चोरी होऊ नये म्हणून सोबत लॉकनट आणि छोटा पाना येतो. हवा भरायला गेले की तो पाना घरी असतो.

सर्व दुरुस्ती झाली, दिवा गेला, की डिकीचा गालिचा उचलून स्टेपनीची हवाही मोजून घ्यावी. बहुतेक गाड्यांत तिच्या नावाचा दिवा नसतो, आणि गाडी घेतल्यापासून तिला कुणी पाहिलेले नसते.